पट्टी मुलाची असू द्या

दुखानमधल्या आई-बाबांनो, गणपती जवळ आले की दोह्यातल्या कार्यक्रमासाठी आपल्याकडेही घरोघरी मुलांची गाणी बसायला लागतात. त्या धामधुमीत एक विनंती: मुलांसमोर त्यांच्या आवाजाबद्दल जरा जपून बोला.

"हिचा आवाज जाडच आहे", "हा बाबांवर गेलाय, सुराला कच्चा", असं आपण पाहुण्यांसमोर सहज बोलून जातो. मूल ते ऐकतं आणि गळा त्याबरहुकूम वापरायला लागतं. आपला आवाज जाड आहे असं जिच्या मनात बसलं, ती तो मुद्दाम बारीक करते. हनुवटी वर जाते, मान ताठते, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि तारसप्तकातला सा चिरका लागतो. ज्याला आपण बेसूर आहोत असं वाटतं, तो श्वासच अर्धा घेतो आणि दबकत गातो. मग श्वास पुरत नाही, स्वर खरोखरच उतरतो, आणि आपण म्हणतो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

खात्री करायची असेल तर मुलीला सहज 'आ' लावू द्या आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला हलकेच बोट ठेवायला सांगा. मग "आता टीव्हीवरच्या त्या मुलीसारखं गा" म्हणा. बोटाखालचा उंचवटा वर सरकला, तर समजा की पोर दुसऱ्याच्या गळ्याने गायला बघतेय.

आपल्याकडे बऱ्याच मुलांची शिकवणी ऑनलाइन. आवाज उशिरा पोचतो म्हणून बाईंना मुलाबरोबर गाता येत नाही; तंबोऱ्याचा आवाज तर कधी कधी ॲपच गाळून टाकतं. मूल एकटंच गातं आणि त्याच हॉलमध्ये आपण बसलेले असतो. बाईंच्या आधी आपला शेरा पोचतो. स्वतःच्या गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकून मूल हिरमुसलं, तर एवढं समजावा: स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून खर्जाचा भाग जास्त पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. त्यात बिघडलेलं काही नसतं.

बारा-चौदा वर्षांच्या मुलग्यांच्या घरी तर जास्तच सांभाळा. आवाज फुटतो तेव्हा स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. काल काळी चारमध्ये गाणारा आज तिथे पोचत नाही. त्याला "गेला रे तुझा आवाज" म्हणू नका. पट्टी उतरवा, तान-पलटे थोडे कमी करा. हसण्याच्या भीतीने या वयात सुटलेलं गाणं पुन्हा हाती लागणं कठीण.

गंगूबाई हनगल यांचं उदाहरण आठवा. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच आणि बारीक आहे. पुढे टॉन्सिल्सवरच्या उपचारानंतर तो खूप खाली आला, भारदस्त झाला. जुना आवाज ओढून आणण्याच्या मागे त्या लागल्या नाहीत. सवाई गंधर्वांकडून मिळालेली किराण्याची गायकी त्यांनी त्याच आवाजात मांडली आणि त्याच आवाजासाठी रसिक त्यांना ऐकत राहिले. बाईचा आवाज कसा असावा याची लोकांची कल्पना त्यांनी गळ्यावर लादून घेतली असती, तर तो ठाम, मोकळा षड्ज लागलाच नसता.

तेव्हा घरी शेऱ्याऐवजी मुलाला करता येईल असं काहीतरी विचारा. "या ओळीत श्वास कुठे घेतलास?" "सा तंबोऱ्यात मिसळला का?" याची उत्तरं त्याला पुन्हा गाऊन शोधता येतात. "आवाज जाड आहे" यावर ते बिचारं काय करणार?

आणि यंदा कराओके ट्रॅक निवडताना मूळ गायिकेच्या पट्टीचा हट्ट नको. मुलाला मधल्या सप्तकात आरामात बोलता-गाता येतं ती पट्टी बाईंना विचारून ठरवा आणि ट्रॅक तेवढा उतरवून घ्या. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे.