बोटावरची जखम आणि डॉ. बेथून

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. पुढे तिथल्या ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव दिलेले होते. या कॅनेडियन डॉक्टरांचा जीव बोटाला झालेल्या एका जखमेने गेला. आरोग्याच्या पानावर आम्ही त्यांची हकिकत देतो ती त्यासाठीच.

बेथून स्वयंसेवक म्हणून चीनला गेले. त्याआधी स्पेनच्या युद्धात जखमींपर्यंत रक्त पोहोचवण्याची सोय त्यांनी केली होती. चीनमध्ये जपानी फौजेशी लढणाऱ्या सैनिकांवर ते खेड्यापाड्यांत, मिळेल त्या जागी शस्त्रक्रिया करीत. सामानाची नेहमीच टंचाई. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस हातमोजे न घालता शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले. काम थांबले नाही. त्याच बोटाने त्यांनी पुढे जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. जंतू रक्तात गेले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, एका खेड्यात त्यांचा अंत झाला. पेनिसिलीनचा शोध लागून अकरा वर्षे झाली होती, पण औषध म्हणून ते अजून रुग्णांच्या हाती आले नव्हते.

आज ते औषध आहे. हातमोज्यांची टंचाई मात्र आपल्या माणसांसाठी संपलेली नाही. सफाई, कचरा वेचणे, भंगार, रुग्णालयात आयाबाई किंवा वॉर्डबॉयचे काम करणारे आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. पत्रा लागतो, काच घुसते, कचऱ्यातली सुई टोचते. खाडा पडला तर मजुरी बुडते, म्हणून फडके गुंडाळून माणूस पुन्हा कामाला लागतो. ठेकेदार हातमोजे देत नसेल तर हा दोष कामगाराचा नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरा. चुना, तंबाखू, शेण, टूथपेस्ट काही लावू नका. आजी हळद भरा म्हणेल. तिलाही समजावून सांगा. जखम घाणेरडी असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील किंवा आठवतच नसेल, तर दवाखान्यात जाऊन ते घ्या. पण ‘इंजेक्शन घेतले, आता काळजी नाही’ हा मोठा गैरसमज आहे. ते फक्त धनुर्वात टाळते. जखम पिकणे किंवा जंतू रक्तात जाणे त्याने थांबत नाही.

म्हणून पुढचे काही दिवस जखमेवर लक्ष ठेवा. सूज वाढणे, ठणका, गरम लागणे, पू, हातावर वर सरकणारी लाल रेघ, काखेत अवधाण ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून पाहा. थंडी वाजून ताप, धाप, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे सुरू झाले तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. मधुमेही माणसाने पायाची बारीक जखमही दाखवावी. त्याला ती दुखेलच असे नाही.

वापरलेली सुई टोचली तर घाई वेगळी. बोट पिळू नका, तोंडात घालून चोखू नका. साबणपाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या लागल्या तर त्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीवर लस आहे, तिचे तीन डोस असतात. हे काम करणाऱ्यांनी ती आधीच घ्यावी.

आणि मुकादमाला तोंडी सांगून थांबू नका. कामावर, अमुक वेळी, अमुक ठिकाणी जखम झाली अशी लेखी नोंद करून घ्या. रुग्णालयाच्या कागदावरही तसेच लिहायला सांगा आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर हाच कागद लागतो.