एस६ची अँटिबॉडी घेताना: भाव नळीचा नको, ब्लॉटचा काढा

जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात, मेडिकल कॉलेजात किंवा आयसीएमआरच्या जनजातीय आरोग्य संस्थेत संशोधन करणाऱ्या मुलांची ग्रँट बऱ्याचदा बोटाच्या पेराएवढ्या नळीत संपते. रायबोसोमच्या लहान भागातलं एस६ हे प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर पाहायचं, तर नामांकित परदेशी कंपनीच्या १०० मायक्रोलिटर अँटिबॉडीला ढोबळमानाने तीस ते पन्नास हजार रुपये पडतात. निम्म्या भावातही मिळते. घाई करू नका, आधी हिशेब मांडा.

समजा, नळी ४०,००० रुपयांची आणि डेटाशीटवर डायल्यूशन १:१०००. म्हणजे १०० मिलिलिटर द्रावण झालं. मेम्ब्रेन पिशवीत सील केली तर छोट्या ब्लॉटला ५ मिलिलिटर पुरतं. वीस ब्लॉट, प्रत्येकी २,००० रुपये. ट्रेमध्ये १० मिलिलिटर ओतलंत की तोच ब्लॉट ४,०००ला गेला. आता १५,०००ची ‘स्वस्त’ नळी घ्या, पण डायल्यूशन १:२००. द्रावण २० मिलिलिटर, ब्लॉट फक्त चार, प्रत्येकी ३,७५०. डीलर हे सांगत नाही, डेटाशीट सांगते. वापरलेलं द्रावण ४ अंशांवर ठेवून दोन-तीनदा चालतं. तेवढी बचत हक्काची.

दुसरा खर्च बजेटमध्ये हमखास राहून जातो. एमटॉरचा मार्ग चालू आहे का, हे पाहायचं असेल तर फॉस्फो-एस६ची अँटिबॉडी लागते, आणि तिच्या जोडीला एकूण एस६ची. नळ्या दोन, शिवाय सेकंडरी. अँटिबॉडी खरी की खोटी, याची चाचणी मात्र सोपी आहे: पेशींना रॅपामायसिन द्या, फॉस्फोची पट्टी गेली पाहिजे, एकूण एस६ची ३२ किलोडाल्टनजवळ तशीच राहिली पाहिजे.

म्हशी-शेळ्यांवर काम करणाऱ्यांनी डेटाशीटवरचे प्राणी नीट वाचावेत. एस६ सस्तन प्राण्यांत फारसं बदलत नाही, त्यामुळे अँटिबॉडी चालण्याची शक्यता दाट; पण बदलून देण्याची हमी बहुतेक कंपन्या यादीतल्या प्राण्यांपुरतीच देतात.

माल बाहेरून येतो आणि मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. शुक्रवारी पाठवू नका, असं डीलरला लेखी कळवा. पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडलं की बर्फ वितळलाच. आल्याबरोबर लॉट नंबर टिपून उणे २० अंशांत ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर टाळा.

कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का, एचएसएन कोड कोणता, हे विचारा. सरकारी संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये बंद झाली. जुन्या फाइलीतला दर उतरवून घेऊ नका. खरेदीचे नियमही एक नाहीत: आयसीएमआरच्या संस्थेला केंद्राचे, राज्य विद्यापीठाला मध्य प्रदेशचे भंडार क्रय नियम.

आणि ऑर्डर देण्याआधी शेजारच्या लॅबमध्ये विचाराच. १:१०००च्या अँटिबॉडीचे ५ मायक्रोलिटर मिळाले, तरी तुमच्या नमुन्यावर एक पूर्ण ब्लॉट होतो.