त्वचेतील पहारेकरी

रात्रीच्या काळोखात दाराची कडी चाचपडताना माणसास डोळ्यांचे साहाय्य नसते. तरी लाकूड कोणते व लोखंड कोणते, हे त्याची बोटे त्यास सांगतात. हे ज्ञान करून देणारे इंद्रिय म्हणजे त्वचा होय.

त्वचेत ज्ञानतंतूंची असंख्य सूक्ष्म टोके पसरलेली असतात. ती सर्व एकाच घडणीची नसतात. काही टोके उघडी असतात. झाडाच्या मुळांप्रमाणे फाटे फुटून ती बाह्यत्वचेत शिरतात. वेदना, उष्णता व थंडी यांची वार्ता मुख्यतः तीच देतात. इतर काही टोकांभोवती पेशींचे वेष्टन असते. बोटांच्या अग्रांशी, त्वचेच्या पृष्ठभागालगत, अशा लांबट कणिका असतात. माइसनर व वाग्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये त्यांचे वर्णन केले. हळुवार स्पर्श त्यांना तत्काळ कळतो. त्वचेच्या खाली खोलवर व सांध्यांजवळ सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या कणिका आढळतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन विद्यार्थ्याला त्या १८३१ मध्ये हाताचे विच्छेदन करताना दिसल्या. त्यांची रचना कांद्यासारखी, पापुद्र्यावर पापुद्रा अशी असते. एकसारखा दाब हे पापुद्रे जिरवून टाकतात. आतील तंतूपर्यंत पोचतो तो केवळ दाबातील बदल. म्हणूनच या कणिकांना सूक्ष्म कंपने फार चांगली कळतात.

तापलेल्या तव्यास बोट लागताच उघड्या टोकांची वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे धावते, आणि मेंदूस वेदना कळण्यापूर्वीच हात मागे येतो. वेदना कोणासही नकोशी वाटते; परंतु ती नाहीशी झाली तर काय होईल?

कुष्ठरोगात नेमके हेच घडते. त्या रोगाचे जंतू ज्ञानतंतूंत शिरतात व त्वचा बधिर होते. रोग्यास चटका कळत नाही, रुतलेला काटा कळत नाही; जखम चिघळत जाते. बोटे रोगाने आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोर येथील शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, हा नाश मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे होतो. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. मात्र उपचारास फार विलंब झाल्यास गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसताच तो न लपवता डॉक्टरांस दाखवावा. रोग्याचा तिरस्कार केल्यास तो चट्टा लपवू लागतो, आणि त्यातच त्याची खरी हानी होते.

स्वाध्याय
१. पाचिनीच्या कणिकांना कंपने चांगली का कळतात?
२. ‘वेदना ही शरीराची रक्षक आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.