शाळेच्या नोंदी आणि परकी साधने

शाळेची दाखलखारीज नोंदवही आपण कपाटात, कुलपाखाली ठेवतो. मुलाची जन्मतारीख, जात, घरची स्थिती हा मजकूर कोणाही येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवावयाचा नसतो, हे शिक्षकास निराळे सांगावे लागत नाही. परंतु तोच मजकूर मोबाइलवरील एखाद्या फुकट साधनात भरताना त्या कुलपाची आठवण राहत नाही. ती करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

ही साधने त्याज्य नव्हेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटामुळे मजुरीस परगावी गेलेल्या पालकासही पाल्याचा अभ्यास कळतो. गूगल फॉर्ममुळे माहिती गोळा करण्याचे श्रम वाचतात. तथापि साधन परक्याचे आणि माहिती मुलांची, हे ध्यानी ठेवून लाभ व हानी तोलून पाहिली पाहिजे.

उदाहरणार्थ, गटातील प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांस दिसतो. संदेश वाटेत कंपनीस वाचता येत नाही, हे खरे. परंतु पोचल्यावर तो कोणीही पुढे धाडू शकतो. एखाद्या मातेचा क्रमांक भलत्याच्या हाती पडला, तर तो परत घेता येत नाही. ‘ब्रॉडकास्ट’ यादीने संदेश धाडल्यास पालकांस एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. मात्र ज्यांनी शिक्षकाचा क्रमांक साठविला आहे त्यांनाच तो मिळतो, आणि पालकांची आपसांत चर्चा होत नाही. तरीही सूचना व गृहपाठ यांस यादी पुरेशी होय. चर्चेसाठी पालकसभा आहेच.

कायद्याची दिशाही हीच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो आणि काही अपवाद वगळता त्याच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती आवश्यक ठरवितो.

नवे साधन स्वीकारण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीपुढे पुढील प्रश्न ठेवावेत :

१. ही माहिती घेतल्यावाचून काम अडते काय? सहलीची नोंद करण्यास जात वा आधार क्रमांक लागत नाही.

२. ती कोणाच्या खात्यात साठते? त्या शिक्षकाची बदली झाल्यास पुढे काय?

३. काम संपल्यावर ती कोण व केव्हा पुसणार?

४. ज्या पालकास संमती द्यावयाची नाही, किंवा ज्याच्याजवळ मोबाइलच नाही, त्याच्या मुलाची सोय काय?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल, तर घेतलेली संमती केवळ नावाची ठरते.

स्वाध्याय : आपल्या शाळेत वापरात असलेले एक साधन निवडा. त्यात मुलांविषयी कोणकोणत्या प्रकारच्या नोंदी आहेत, त्यांची यादी मुलांची नावे न लिहिता करा. अनावश्यक नोंदींपुढे खूण करून ती यादी पुढील केंद्रसंमेलनात चर्चेसाठी आणावी.