लेकीची लस, आईची तपासणी

अगं, लेक सहावीत गेली ना आता? मग तिच्याशी पाळीबद्दल बोलशील तेव्हा या लशीचंही बोल. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीवर लस आहे, आणि ती द्यायचं योग्य वय म्हणजे नऊ ते चौदा.

लाजू नकोस. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. संसारापलीकडे काही न पाहिलेल्या बाईलाही तो गाठतो. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र मुक्काम करतो आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊन समोर येतो. आत शिरलेला विषाणू लस काढू शकत नाही, ती फक्त शिरू देत नाही. म्हणून लहानपणीच द्यायची.

'लशीनं मूल होत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. लशीत जिवंत विषाणू नसतोच, त्याच्या कवचातलं प्रथिन तेवढं असतं. शरीर ते ओळखून ठेवतं. दंड दुखतो, एखादीला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात.

आणि हे ज्ञान काही फक्त परदेशातून आलेलं नाही. 2009 सालापासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलसह देशातल्या अनेक केंद्रांवर 17,000हून जास्त मुलींना ही लस दिली गेली. 2010मध्ये सरकारनं टोचणं मध्येच थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढं दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा कळलं की एक डोसही जवळजवळ जास्त डोसांइतकंच संरक्षण देतो. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यामागं या मुलींचाही मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लशीला परवानगी मिळाली. तुझ्या लेकीला किती डोस, ते डॉक्टर सांगतील.

आता तुझं. तिशी ओलांडलीस ना? आपल्याच धाराशिव जिल्ह्यात 1999पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, एका गटाची काहीच नाही. आठ वर्षांत पहिल्या गटात 34 जणी या कॅन्सरनं गेल्या, दुसऱ्या, थोड्या लहान गटात 64. तपासणीविना गेलेल्या त्या 64 जणी आपल्याच मुलखातल्या होत्या. त्यांना तपासणी का दिली नाही, असं पुढं अनेकांनी विचारलं आणि तो प्रश्न मलाही पटतो. पण त्यांच्या जिवावर जे कळलं, ते आपण तरी वाया घालवायचं नाही.

संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये गेलं, पाळी थांबल्यावर पुन्हा दिसलं किंवा वास येणारं पाणी जात असलं, तर सोयाबीनची काढणी होईपर्यंत थांबू नकोस. काही त्रास नसला तरी तपासणी कर, आणि लेकीनं लस घेतली असली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी लागेलच, कारण लस या विषाणूचे सगळे प्रकार अडवत नाही.

उद्या आशाताई भेटली की विचार, लस कुठं मिळते आणि तपासणी कुठल्या दिवशी असते. वाशीच्या दवाखान्यात नाही जमलं तर बार्शीला जाऊ. सोबतीला मी येते.