खेळाचे चित्रमुद्रण : संगणकाची पूर्वतयारी

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्मिलेला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम २०२० साली निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ राजी निघते. हा खेळ खेळताना तो जतन करून इतरांस दाखवावा, असे आमच्या मनात आले. मूळ स्विच स्वतः फार तर शेवटच्या ३० सेकंदांचे मुद्रण करतो; म्हणून संगणकाचे साहाय्य घेणे भाग पडले.

यासाठी ‘कॅप्चर कार्ड’ नावाचा छोटा डबा लागतो. डॉकमध्ये बसविलेल्या स्विचची एचडीएमआय तार कार्डाच्या ‘इन’मध्ये, ‘आउट’मधील तार दूरदर्शन संचाला व यूएसबी तार संगणकाला जोडावी. खेळताना दृष्टी दूरदर्शन संचाकडेच असावी. कारण संगणकावर चित्र किंचित उशिरा उमटते. प्लेस्टेशन असल्यास त्याच्या सेटिंग्जमधील ‘एचडीसीपी’ हे संरक्षण आधी बंद करावे. अन्यथा खेळाचे चित्र मुद्रित होत नाही.

संगणकावर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. त्यातील ‘सोर्सेस’मध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ निवडून आपले कार्ड दाखवावे. चित्राचे माप १९२० × १०८०, गती दर सेकंदास ६० चित्रे आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झ ठेवावा.

आता थोडे गणित पाहू. १९२० × १०८० म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरल्यास ६० चित्रांना दर सेकंदास सुमारे ३७ कोटी बाइट, म्हणजे तासाला सुमारे १,३४४ जीबी लागतील! एवढी जागा कोठून आणावी? म्हणून ‘एन्कोडर’ चित्रांतील पुनरावृत्ती वगळून माहिती आटोपशीर करतो. बिटरेट २०,००० केबीपीएस ठेवल्यास सेकंदास २.५ एमबी, म्हणजे तासाला ९ जीबी पुरतात.

एवढे सारे करूनही पहिल्या प्रयत्नात आम्ही फसलो. सावरगावी एका सायंकाळी पाऊण तास खेळ रंगला आणि अकस्मात वीज गेली. वीज आल्यावर पाहतो तो फाइल उघडेचना! सर्वांचे चेहरे उतरले. मागाहून कारण उमगले. साध्या ‘एमपी४’ प्रकारात, कोणते चित्र कोठे आहे याची सूची अगदी अखेरीस लिहिली जाते. मध्येच खंड पडला की सूची राहून जाते आणि सारे श्रम व्यर्थ होतात. ‘एमकेव्ही’ प्रकारात मात्र माहिती तुकड्यातुकड्यांनी लिहिली जात असल्याने खंड पडेपर्यंतचा बहुतेक सर्व भाग वाचतो. पुढे ‘फाइल’ यादीतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याचे ‘एमपी४’ करता येते.

दुसऱ्या वेळी आम्ही ‘एमकेव्ही’ निवडले, आरंभी एक मिनिटाचे मुद्रण करून चित्र व आवाज तपासला, आणि मगच राजीस तिच्या भावाच्या शोधास धाडले. त्याही दिवशी वीज गेलीच. पण या खेपेस खेळ हाती राहिला. मित्रहो, वीज केव्हा जावी हे आपल्या हाती नाही; ती जाण्यापूर्वी काय सिद्धता करावी, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.