‘सुनान्तिलाम्बानोमाइ’ : एका ग्रीक क्रियापदाचा अभ्यास

(वाचा : लूक १०:३८-४२, रोमकरांस ८:२६)

खेड्यातील मंडळ्यांस ग्रीक शब्द कशास, असे कोणी विचारील. पंडिता रमाबाईंनी (मृत्यू १९२२) केडगाव येथे आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालविली, तीही साध्या माणसांस समजावे म्हणूनच.

हे लांबलचक क्रियापद नव्या करारात दोनदाच येते. एकदा मार्थेच्या तोंडी, एकदा पौलाच्या पत्रात. ‘सुन्’ म्हणजे बरोबर, ‘आन्ति’ म्हणजे समोर, ‘लाम्बानो’ म्हणजे धरणे.

लोट्यास आता कारखाने झाले आहेत. तथापि भोवतालच्या वाड्यांत गवताचा भारा डोक्यावरून आणणे कोणास नवे नाही. बाई डोक्यावर चुंबळ ठेवून हाक मारते, ‘जरा हात लाव गे.’ दुसरी समोर उभी राहते व दोघी मिळून भारा उचलतात. एकटीने तो उचलवत नाही. आणि हात लावणारी तो घेऊन निघूनही जात नाही. ग्रीक मनुष्य बोलताना दर वेळी उपसर्गांची फोड करीत नसे, ‘साहाय्य करणे’ एवढेच त्यास पुरे होते, हे उपदेशकांनी विसरू नये. तरीपण गणना ११:१७ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. तेथे सत्तर वडील मोशेबरोबर लोकांचा भार वाहतात. मोशे मोकळा होत नाही.

आता रूपे. दोन्ही ठिकाणी शेवटी ‘-ताइ’ आहे. संस्कृत आत्मनेपदातील ‘लभते’ याचा ‘-ते’ हा त्याचाच भाऊ. मार्थेचे ‘सुनान्तिलाबेताइ’ हे रूप इच्छा दाखविते : मरीयेने येऊन हात लावावा. प्रभूने मरीयेस उठविले नाही. परंतु मार्थेने बहिणीपासून जे मागितले, तेच पौल आत्म्याविषयी सांगतो, व ‘सुनान्तिलाम्बानेताइ’ असे वर्तमानकाळी सांगतो : आत्मा हात लावीत असतो. कशास? येथे चतुर्थीत ‘अशक्तपणा’ हा शब्द आहे. आमच्या बळास नव्हे.

आमच्या ओळखीची एक वृद्ध भगिनी मुलगा वारल्यावर उपासनेस येईनाशी झाली. प्रार्थनेस शब्द सुचत नाहीत, तेव्हा विश्वासच गेला, असे तीस वाटे. आम्ही तीस ग्रीक सांगितले नाही, भाऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘पण पाळकसाहेब, हाक तरी मीच मारायला हवी ना?’ आम्ही पुन्हा वचन काढून पाहिले. काय मागावे हे ‘आम्हांस’ कळत नाही, असे लिहिताना पौल स्वतःसही त्यात धरतो. हाकेचा तेथे उल्लेख नाही. कण्हण्याचा आहे, आणि तेही आत्म्याचे.